तुमचीच आठवण काढत होतो

आमच्या आईचं एक वाक्य ठरलेलं होतं. फाटकाची कडी वाजली की ती हातातलं काम टाकून ओट्यावर यायची आणि समोर जो कोणी असेल त्याला म्हणायची, "या, या, तुमचीच आठवण काढत होतो." मग तो शेजारी असो, वर्गणीवाला असो, नाहीतर पत्ता चुकून आलेला परका माणूस असो. आणि आतल्या खोलीतून, पेपरच्या मागून, बाबांचा आवाज यायचा, "कोणी आठवण काढली नव्हती."

लोक हसायचे. त्यांना वाटायचं, नवरा-बायकोने मिळून बसवलेला विनोद आहे. तसं काही नव्हतं. दोघंही आपापल्या जागी अगदी गंभीर होते, आणि या एका वाक्यावरून त्यांचं आयुष्यभर भांडण चाललं होतं.

बाबांनी सगळी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात काढली, कंट्रोल रूममध्ये. समोर भिंतभर मीटर आणि त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बाबा. काटा जिथे आहे तिथेच दिसला पाहिजे, हा त्यांचा धर्म. ते म्हणायचे, आत बॉयलर तापलाय आणि काटा लाजेकाजेस्तव हसून दाखवतोय असं झालं तर कॉलनीसकट सगळे उडू. हाच नियम ते माणसांनाही लावायचे. लग्नाच्या पंगतीत कुणी 'जेवण कसं झालं' विचारलं की सांगायचे, वरणात मीठ जास्त. कुणाचं बाळ पाहायला गेले तर बाळाला पाहून, नीट विचार करून, 'ठीक आहे' म्हणायचे. कॉलनीत त्यांच्याविषयी आदर होता, पण घरी बोलावताना लोक दोनदा विचार करायचे.

मी त्यांच्यावर गेले. जे पोटात तेच ओठात. मी धुळ्यात रक्त तपासायची लॅब चालवते आणि रिपोर्ट हातात देताना तोंडाला साखर लावत नाही. माझा नवरा म्हणतो, तुझ्यापेक्षा तुझा रिपोर्ट पेशंटशी गोड बोलतो. लहानपणापासून घरातल्या त्या भांडणात मी बाबांच्या बाजूने होते. आई नाटकी आहे असं माझं स्पष्ट मत होतं, आणि ते मी तिला अनेकदा ऐकवलं होतं.

एकदा तिचं अर्धं डोकं दुखत होतं. खोलीत अंधार करून, कपाळावर ओली पट्टी ठेवून ती पडली होती. मला साधं 'पाणी दे' म्हणताना तिच्या कपाळावर आठी होती. तेवढ्यात कडी वाजली. ती उठली, पट्टी काढली, पदर सारखा केला आणि ओट्यावर जाऊन 'या, या' सुरू. पाहुणी तासभर बसली. ती गेल्यावर मी आईला गाठलं. म्हटलं, हा खोटेपणा तुला जमतो कसा? ती पुन्हा पट्टी भिजवत म्हणाली, "मन म्हणजे आतली खोली, बाई. तिथे पसारा असला तर असू दे, तो आपला आपल्यापाशी. तोंड म्हणजे ओटा. ओट्यावर येणारा-जाणारा बसतो. तो झाडलेला पाहिजे."

आमच्या लोकांत ही फार जुनी शिकवण आहे, की समोर येईल त्याला प्रसन्न तोंडाने सामोरं जावं. मन प्रसन्न असावं असं काही त्यात म्हटलेलं नाही. मन कुणाच्या हातात असतं? तोंड मात्र असतं.

आमचे लोक म्हणजे बेने इस्राएल. ज्यू. आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, त्यामुळे पहिल्या भेटीत आम्हाला कुणी ओळखत नाही. भिंतीवर देवाचा फोटो दिसला नाही की लोकांना वाटतं ख्रिश्चन असतील. शनिवारी चूल नाही, डुक्कर नाही, सुंता आहे असं कळलं की वाटतं मुसलमान असतील. मग कुणीतरी सावकाश विचारतं, आणि आम्ही सावकाश सांगतो. पणजोबा रेल्वेच्या नोकरीत कोकणातून खानदेशात आले. एके काळी भुसावळला आमची बरीच घरं होती. कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्राएलला. बाबा रिटायर झाल्यावर आई-बाबा जळगावात घर बांधून राहिले तेव्हा आमच्या माहितीत तरी त्या शहरात दुसरं ज्यू घर नव्हतं. तरी आईचा सण कधी एकटीने झाला नाही. गल्ली होती ना.

तिचा खरा सण मांडवाचा. पुस्तकी नाव सुक्कोथ. अंगणात मांडव घालायचा, वर पानांचं छप्पर, तेही असं विरळ की आतून चांदण्या दिसल्या पाहिजेत. आठवडाभर त्यात बसून जेवायचं. इजिप्तच्या गुलामीतून सुटून रानातून चाळीस वर्षं झोपड्यांत राहत आलेल्या पूर्वजांची ती आठवण. आमच्या मांडवाला आईच्या जुन्या साड्यांच्या भिंती असायच्या आणि वर केळीची पानं. जळगावात केळीच्या पानांना काय तोटा! रोज संध्याकाळी एका पूर्वजाला जेवायला बोलवायचं. त्याच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवायची आणि 'या, बसा' म्हणायचं. सात संध्याकाळी सात पूर्वज. ते जेवत नाहीत, म्हणून जेवणारी माणसंही बोलवायची. आई रोज गल्लीतल्या एका घराला बोलवायची. गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा, केळी, खजूर. बाबा कोपऱ्यात पेपर वाचत.

आणि या सणाला आज्ञा आहे: आनंद करा. मला लहानपणापासून या आज्ञेचा राग यायचा. उपास करा म्हटलं तर करता येतो. दिवा लावा म्हटलं तर लावता येतो. आनंद काय हुकमाने होतो? मी आईशी वाद घालायचे. ती पोहे भिजवत म्हणायची, हात पुढे चालतात, मन मागून येतं. हात थांबले तर ते बिचारं कुणाच्या मागे येणार?

ती गेली तीही या सणाच्या तोंडावर. आमचा मोठा उपास असतो, त्याला आमच्या घरात अजून जुन्या नावाने दारफाळणीचा सण म्हणतात. दिवसभर दार लावून घरात बसायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारं उघडतात, दानधर्म करतात, भेटीगाठी घेतात. त्या शिळ्या सणाच्या सकाळी आई चहा ओतता ओतता खाली बसली आणि उठली नाही. मी धुळ्याहून पारोळ्यामार्गे पोचले तेव्हा गल्ली अंगणात होती आणि बाबा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. ठाण्याहून चार-पाच जण आले. माती झाली. सगळ्यांच्या घरी सणाची तयारी व्हायची होती, ते रात्रीच्या गाडीने परतले. घरात आम्ही दोघं उरलो.

आमच्यात सात दिवस जमिनीवर बसायचं. सदऱ्याची गळपट्टी फाडलेली, दाढी नाही, काम नाही. बाबा चटईवर बसले आणि बोलेनासे झाले. जेवेनासेही झाले. चहा घेतला तर घेतला. गल्लीतले पुरुष येऊन गेले, त्यांच्याकडे बाबांनी नुसतं पाहिलं. मला तेव्हा जे दिसलं ते मी तिथल्या तिथे बोलून टाकलं. मला दुसरं काही जमतही नाही.

म्हटलं, "बाबा, तुम्ही इथे एकटे राहू शकणार नाही. ही माणसं आईकडे येत होती. तुम्हाला या गल्लीत कोणी ओळखत नाही. सण झाला की घराला कुलूप लावू आणि धुळ्याला चला."

त्यांनी घराकडे पाहिलं. खरंच, छतापासून फरशीपर्यंत पाहिलं. हे घर त्यांनी उभं राहून बांधून घेतलेलं. प्रत्येक बटणाची वायर कुठून जाते ते त्यांना पाठ होतं. धुळ्यात माझ्याकडे त्यांनी काय केलं असतं? दिवाणावर बसून माझ्या येण्याची वाट पाहिली असती. मला ते कळत होतं, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. ते एवढंच म्हणाले, सण होईपर्यंत थांब.

सणाच्या आदल्या दिवशी ठाण्याच्या नानांचा फोन आला. हे बाबांचे चुलतभाऊ, धर्माचं सगळं त्यांना विचारायचं. त्यांनी सांगितलं, उद्या संध्याकाळी सण लागतो. सण लागला की सुतक तिथेच संपतं. सात दिवस पुरे झाले नसले तरी संपतं. उठायचं, आंघोळ करायची, मांडवात बसायचं. फक्त दाढी राहू दे.

माझा तोल सुटला. फोनवरच नानांना म्हटलं, सुतक म्हणजे काय दिव्याचं बटण आहे का? माझी आई जाऊन अजून चूल नीट पेटली नाही आणि आम्ही पताका लावायच्या? नाना शांतपणे म्हणाले, दुःख संपलं असं कोण म्हणतंय? बसणं संपलं. सण सगळ्यांचा आहे, दुःख तुमचं एकट्याचं. सगळ्यांच्या मध्ये एकट्याने बसून राहायचं नाही.

मला खात्री होती, बाबा ऐकणार नाहीत. काटा खोटा दाखवायचा तर ते मेले असते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहते तो बाबा चटई गुंडाळत होते. त्यांनी आंघोळ केली, फाटका सदरा काढून इस्त्रीचा घातला, माळ्यावरचे बांबू उतरवले. तेवढ्यात गल्लीतले सुतारकाम करणारे चाचा फाटकापाशी उभे. डोक्यावर केळीच्या पानांचा भारा. दरवर्षी ओळखीच्या मळ्यातून तेच पानं आणतात. मी म्हटलं, चाचा, यंदा काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, वहिनींनी मागच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं, पुढच्या वर्षी जरा मोठी पानं आणा. त्यांनी बाबांबरोबर मांडव बांधला. आईच्या साड्या भिंतींना लावताना बाबांचे हात एका निळ्या साडीवर थांबले, मग त्यांनी तिलाही दोरी बांधली.

आता गल्लीचं ऐका. नेमका पितृपक्ष लागलेला. गल्लीत कुणी नवा रुमालसुद्धा विकत घेत नव्हतं. अशा दिवसांत ज्या घरातून परवा माणूस गेलं त्या घरापुढे मांडव, पताका, रंगीत साड्या. खानदेशात दारापुढे मांडव म्हणजे लग्न! दरवर्षी आई आधी घरोघर जाऊन बोलावून यायची, त्यामुळे मांडवाचं कुणाला काही वाटत नसे. यंदा बोलवायला कोणी गेलं नव्हतं. पहिली संध्याकाळ आम्ही दोघांनी काढली. बाबांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहून 'या, बसा' म्हटलं, ते इतकं रुक्ष की मी त्या पूर्वजाच्या जागी असते तर परत गेले असते.

दुसऱ्या दिवशी समोरच्या अक्का चार बायकांना घेऊन दारावर आल्या. दारावर येणं म्हणजे आमच्याकडे दुःखाला भेटायला येणं. अक्का मूळच्या शिंदखेड्याकडच्या, बोलणं अजून अस्सल खानदेशी. आईशी त्यांचं जिवाभावाचं. डोक्यावरून पदर घेऊन, फाटकापासूनच हुंदका भरून त्या आल्या आणि फाटकात बाबा उभे. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले आणि तोंडावर काहीतरी चाललेलं. मला कळायला वेळ लागला की ते हसतायत. बरीच वर्षं न उघडलेलं शटर अर्ध्यावर अडकावं, तसं ते हसू अडकलं होतं. बाबा म्हणाले, "या, या, तुमचीच आठवण काढत होतो."

बायका जागच्या जागी थिजल्या. अक्कांचा हुंदका घशातच राहिला. बाबांनी त्यांना मांडवात बसवलं, मलिद्याचं ताट पुढे केलं. सुतकाच्या घरचं पाणीही घेत नाहीत, तिथे हे गोडधोड कोण घेणार? कुणी हात लावला नाही. अक्कांनी हळूच विचारलं, "भाऊ, बरं शे ना बठ्ठं?" बाबा म्हणाले, मजेत. जाताना अक्कांनी मला बाजूला ओढलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "पोरी, तुन्हा बापले डॉक्टरकडे लई जाय. त्यासले धक्का बशेल शे."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बायका गेल्यावर मी बाबांसमोर उभी राहिले. म्हटलं, तुम्ही जन्मभर आईला नाटकी म्हणालात. आज तिचंच वाक्य, तेही इतकं वाईट म्हणून दाखवलंत. "बाबा, हा काटा खोटं दाखवतोय."

ते खुर्चीवर बसले. मलिद्याच्या ताटावर झाकण ठेवलं.

"काटा खराच पाहिजे," ते म्हणाले. "पण काटा कुणासाठी असतो? आत बसलेल्यासाठी. आम्ही गावाला काटे पाठवत नव्हतो, वीज पाठवत होतो. आत काय वाट्टेल ते होवो, इथला दिवा फडफडता कामा नये. तीच तर नोकरी होती." मग म्हणाले, "तू आतली आहेस. तुला काटा दाखवतो. माझ्यात काहीच उरलं नाही. सकाळी डोळे उघडावेसे वाटत नाहीत. पण हे अक्कांनी का बघायचं? त्या बिचाऱ्या स्वतःचं दुःख घेऊन आल्या होत्या."

माझे बाबा इतकं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, मी आतलीच होते. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे निराळ्या नजरेने पाहायला लागले. ज्याला गोड बोलता येतं त्याने गोड बोलावं यात काय मोठं? माझ्या आईला ते येत होतं. या माणसाला ते येत नव्हतं. त्या वयात, त्या आठवड्यात, तो ते शिकायला बसला होता.

आणि शिकणं म्हणजे काय विचारता! रोज दिवेलागणीला बाबा फाटकात उभे. कुरियरवाल्याला 'तुमचीच आठवण काढत होतो'. तो घाबरून म्हणाला, काका, पार्सल दुसऱ्यांचं आहे. बिलासाठी वीज मीटर बघायला आलेल्या पोरीलाही तेच. तिला मात्र त्यांनी खरोखर बसवून घेतलं, मीटरविषयी चार प्रश्न विचारले आणि दोन केळी दिली. कोपऱ्यावरच्या मारवाडी किराणावाल्यांना त्यांनी गुडघ्याविषयी विचारलं. आई रोज विचारायची असं त्यांना अंधुक आठवत होतं. शेठ म्हणाले, गुडघा माझ्या भावाचा दुखतो, साहेब. बाबा म्हणाले, मग त्यांना सांगा मी विचारलं म्हणून. शेठ बराच वेळ हसत होते.

घरी येऊन ते मला विचारायचे, ती कुणाला काय विचारायची? अक्कांच्या मुलाची बदली झाली का? पलीकडच्यांची म्हैस व्यायली का? मला काय ठाऊक! मीही पेपरच्या मागचीच. आम्ही दोघं मग आईची गल्ली तुकड्यातुकड्याने आठवून काढायचो. आणि ते जेवायला लागले. मांडवात बसून दोन घास खायचे, ही आज्ञा होती म्हणून. आज्ञेला माझी हरकत उरली नाही.

मांडवात येऊन मात्र कोणी जेवत नव्हतं. एकटे चाचा आले. त्यांच्यात सुतक नसतं, त्यामुळे त्यांना अडचण नव्हती. दोनदा मलिदा घेतला आणि वहिनींपेक्षा गूळ कमी आहे असं सांगितलं. बाबांना ते फार आवडलं. पण बाकी गल्ली लांबच. कारण एक नवीन बातमी पसरली होती. साहेब रोज संध्याकाळी रिकाम्या खुर्चीशी बोलतात. म्हातारी गेली आणि म्हातारा भ्रमिष्ट झाला.

सण संपत आला. पानं तपकिरी पडली होती. माझी लॅब किती दिवस दुसऱ्याच्या जिवावर सोडणार? मी बाबांची बॅग काढून पलंगावर ठेवली. त्यांनी ती पाहिली. फक्त दुपारी विचारलं, आज अक्का येतील का? मी म्हटलं, नाही येणार. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, अक्कांना उपास असेल का? चहा घेताना पुन्हा, अक्कांकडे आज काय आहे, सकाळपासून कढई वाजतेय.

तेव्हा मी उठले आणि समोर गेले. आईसारखं गोड बोलावणं मला येत नाही, मी खरं सांगायला गेले. अक्का स्वयंपाकघरात वडे तळत होत्या. त्यांच्या मालकांची तिथी होती. केळीच्या पानावर कावळ्याचा घास वाढून गच्चीवर ठेवला होता. मी दारातच उभी राहून म्हटलं, अक्का, माझे बाबा वेडे नाहीत. आमच्यात सण लागला की सुतक संपतं, असा नियम आहे. आणि ती खुर्ची रिकामी नसते. आमचे सात पूर्वज सात दिवस जेवायला येतात, बाबा त्यांना बसा म्हणतात.

अक्कांनी झारा कढईत तसाच धरला. मग त्यांच्या तोंडावरचं सगळं सैल झालं. "मंग हाई आदी सांगाले काय झायं व्हतं?" त्या म्हणाल्या. "आम्ही तरी काय करतस? कावळानी वाटच देखतस ना."

मला जे इतके दिवस सांगायला सुचलं नाही, ते आईने पहिल्याच वर्षी ओट्यावर बसून सांगितलं असतं. तिने बहुतेक सांगितलंही होतं, पण तेव्हा खुर्चीशी ती बोलायची आणि तिचं बोलणं कुणाला वेडेपणाचं वाटत नसे, म्हणून ते कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. अक्का म्हणाल्या, बाईमाणूस हसतं तेव्हा कुणी कारण विचारत नाही. हे माणूस हसलं म्हणून आम्ही घाबरलो.

मी परत आले आणि बाबांना काही सांगितलं नाही, कारण येते असं अक्का म्हणाल्या नव्हत्या. दिवे लागले. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. शेवटच्या पूर्वजाला खुर्ची दिली, आता बऱ्यापैकी मायेने. फाटकाची कडी वाजली. अक्का होत्या. हातात झाकलेली वाटी, मागे त्यांची सून, सुनेच्या मागे त्या दिवशीच्या बायकांपैकी दोघी, आणि सगळ्यात मागे, आपण का आलो ते न कळलेले शेठ.

बाबा उठले आणि फाटकापर्यंत गेले. "या, या अक्का," ते म्हणाले, "तुमचीच आठवण काढत होतो."

मी आत ताटं काढत होते. घराच्या सवयीप्रमाणे आतून ओरडायची पाळी माझी होती. पण काय ओरडणार? दुपारपासून तीनदा विचारलं होतं त्यांनी. ते वाक्य अक्षरशः खरं होतं. आईनेही ते कितीदा खरंच म्हटलं असेल, आणि पेपरच्या मागून आम्हा दोघांना ते दिसलंच नसेल.

अक्कांनी मलिदा खाल्ला. आईचं नाव निघालं तेव्हा मनसोक्त रडल्याही, आणि बाबांनी त्यांना रडू दिलं, पाणी दिलं, वाटीतली खीर चाखून गोड जास्त झाली असं सांगितलं. सगळे हसले. सवयी काय अशा जातात? दुसऱ्या दिवशी मांडव उतरवला. मी बॅग पुन्हा माळ्यावर टाकली आणि एकटीच धुळ्याच्या बसमध्ये बसले.

आता रोज संध्याकाळी मी बाबांना फोन करते. कसे आहात विचारते, आणि ते मला काटा दाखवतात. कधी 'बरा', बऱ्याचदा 'वाईट'. मी 'असं बोलू नका' म्हणत नाही. ते वाईट माझ्यासाठी राखून ठेवलेलं आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो. गल्लीत ते मजेत असतात.

परवा असाच फोन केला. म्हणाले, आज काही खरं नाही, सकाळपासून ती दिसतेय सगळीकडे. आवाज खोल गेलेला. तेवढ्यात पलीकडे कडी वाजली. ते म्हणाले, थांब. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, चपलांचा आला, आणि मग लांबून, ओट्यावरून, ते ठरलेलं वाक्य. कोण होतं कुणास ठाऊक. खुर्ची ओढली गेली, कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी झाली, हसणं ऐकू आलं. मी फोन कानाला लावून बसून राहिले. बऱ्याच वेळाने ते परत आले आणि म्हणाले, "हं, काय सांगत होतो? आज काही खरं नाही."

पण आवाज अजून ओट्यावरचाच होता.